एक्स-रे क्लिअर आहे, तरीही

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात सहकुटुंब इंग्लंडात लेस्टरला येतोय, व्हिसासाठीचा छातीचा एक्स-रे क्लिअर आहे, तरी तिथल्या भारतीयांत टीबी जास्त असतो हे वाचून घाबरायचं का. व्हिसाची माहिती सरकारी साइटवर आहे, ती सोडते. बाकीचं लिहायला बसायलाच मला दोन दिवस लागले.

जास्त असतो हे खरं आहे. इंग्लंडमधल्या दर पाच टीबी रुग्णांपैकी साधारण चार परदेशात जन्मलेले, आणि लेस्टर तर वरच्या शहरांत. पण हा वंशाचा दोष नाही. जंतू बहुतेकदा लहानपणीच भारतात शरीरात शिरलेला असतो आणि वर्षानुवर्षं झोपून राहतो. एक्स-रेत तो दिसत नाही. इथे एका खोलीत चार माणसं, ओल धरलेल्या भिंती, रात्रपाळ्या, डॉक्टरकडे जायला उशीर, यात तो उठतो. गरीब वस्त्यांतले इथले गोरेही यातून सुटत नाहीत.

माझा इथे आल्यावर चौथ्या वर्षी उठला. मानेत गाठ आली. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला गेले तर रिसेप्शनवर पत्त्याचा पुरावा मागितला, आणि आमची सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर. तीन आठवडे असेच गेले. नाव नोंदवायला पुरावा सक्तीचा नसतो, हे मला नंतर कळलं. तुम्ही ठामपणे सांगा. आणि सोळा ते पस्तीस वयात असाल तर झोपलेल्या टीबीची रक्तचाचणी स्वतःहून मागा. टीबीच्या उपचाराला इथे पैसे पडत नाहीत, व्हिसा कुठलाही असो.

सहा महिने गोळ्या घेतल्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे दोन. लघवी नारिंगी होते, घाबरू नका, ते औषधामुळे. टीबीची नर्स घरी यायची, आईच्या मायेनं विचारपूस करायची. एकटेपणाचं विचाराल तर सवय होते.

लेकीच्या शाळेचं मात्र अजून गळ्याशी येतं. गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, माझी फुप्फुसं स्वच्छ होती, तिची तपासणीही स्वच्छ आली. तरी डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत तिला घरी ठेवा म्हणाले. पत्र यायला अकरा दिवस लागले. दुसरीतली पोर रोज सकाळी युनिफॉर्म घालून खिडकीत बसायची. त्या महिन्यात वर्गातल्या एका वाढदिवसाचं बोलावणं सगळ्यांना आलं, तिला नाही. बोलावणारे आपलेच लोक होते.

मीही काय वेगळं केलं? सासूबाईंना, मंडळातल्या बायकांना थायरॉइडची गाठ सांगितली. माझ्या शेजारी बसून गणपतीचे मोदक वळणाऱ्या एकीला महिनोन् महिने खोकला होता. मी स्वतःचं नाव घेऊन 'तपासून घे' म्हणाले असते तर ती लवकर गेली असती. मी गप्प राहिले. पुढे तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. बरी आहे आता, पण तिच्याशी हे बोलायचं मला अजून जमलेलं नाही.

तुम्ही आलात की जवळच्या चार माणसांना आजाराचं खरं नाव सांगायची सवय ठेवा. लेक आता पंधराची आहे. मानेवरच्या व्रणाबद्दल कुणी विचारलं की माझ्याआधी तीच सांगते, "आईला थायरॉइड होतं."