नववीत अल्जेब्रा वन म्हणजे उशीर झाला का?

"ताई, लेक नववीत अल्जेब्रा वन शिकते आहे. मंडळाच्या गणपतीत कळलं, की बाकीच्यांची मुलं ते आठवीतच, काहींची तर सातवीत करून बसलीत. बारावीला कॅल्क्युलस नसेल तर चांगलं कॉलेज विसरा, म्हणतात. खरं का?" – न्यू जर्सीतली एक आई

महाप्रसादाच्या रांगेत मिळालेली माहिती तीर्थासारखी, पळीभरच घ्यावी.

हिशेब असा, नववीपासून वर्षाला एक: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस. झाली चार वर्षं. कॅल्क्युलस गाठायचंच तर दहावीत जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू एकदम घ्यायचे, किंवा जॉमेट्री उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकायची. शाळा परवानगी देते का, ते आधी विचारा. आणि वर्षाचा विषय सहा आठवड्यांत गिळून पुढे अडखळणारी मुलंही मी पाहिली आहेत.

हा आटापिटा करायचा का, ते लेकीला काय शिकायचंय त्यावर आहे. इंजिनिअरिंग, फिजिक्स डोक्यात असेल तर करा. एमआयटी कॅल्क्युलसपर्यंत गणित करून यायला सुचवते. कॅलटेकला तर ते सक्तीचंच होतं. 2023 मध्ये त्यांनी, ज्यांच्या शाळेत तो विषयच नाही, त्यांना खान अकॅडमी या मोफत वेबसाइटवर शिकून परीक्षा द्यायची वाट मोकळी केली. उलट हार्वर्डने स्पष्ट लिहिलंय की कॅल्क्युलस ही प्रवेशाची अट नाही आणि त्याला झुकतं मापही नाही. आपल्या आवडीला साजेसं अवघड गणित मात्र केलेलं हवं. मानसशास्त्राकडे ओढा असेल तर अल्जेब्रा टूनंतर एपी, म्हणजे हायस्कुलातच कॉलेजच्या पातळीचं, स्टॅटिस्टिक्स घेता येतं, आणि पुढे तेच रोज लागतं.

आपली खरी अडचण वेगळीच. आपण बारावी सायन्सला डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन घोकून आलो, त्यामुळे ते नाही म्हणजे गणितच नाही, असं वाटतं. इथे कितीतरी हायस्कुलांत कॅल्क्युलसचा वर्गच नसतो. म्हणून शाळेने काय देऊ केलं आणि त्यातलं मुलीने काय घेतलं, हे कॉलेज पाहतं. शाळेचं प्रोफाइल अर्जासोबत जातं ते त्यासाठीच.

आणखी एक. बारावीची एपी परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत. प्रवेशाची पत्रं मार्चअखेर येऊन गेलेली असतात. त्या परीक्षेत पाचपैकी पाच गुण मिळाले तरी प्रवेशाला उपयोग नाही, कॉलेजात क्रेडिट मिळवायला होईल. अर्ज वाचणाऱ्यांना दिसतात ते वर्गातले ग्रेड.

शाळेच्या काउन्सेलरची वेळ दहावीचे विषय ठरायच्या आत घ्या. लेकीला सोबत न्या, आणि बोलू तिलाच द्या.