उतरताना विमान का उसळते?

प्रश्न : लहान खासगी विमान धावपट्टीवर टेकताना चेंडूसारखे उसळते आणि त्यातून अपघात होतो, असे ऐकले. याचे कारण काय?

उत्तर : बहुधा जादा वेग. वेग 10 टक्क्यांनी वाढला तर गतिज ऊर्जा 21 टक्क्यांनी वाढते. या जादा वेगामुळे पंखांत उचल (विमानाला वर धरणारे बल) शिल्लक असतानाच वैमानिकाने उतावीळपणे विमान खाली दाबले, तर मुख्य चाकांऐवजी नाकाखालचे नाजूक चाक आधी आपटते आणि विमान पुन्हा हवेत जाते. दुसरी, तिसरी उसळी अधिक जोरकस होते. अखेर ते चाक मोडून प्रोपेलरची पाती जमिनीवर आदळतात आणि इंजिनही उघडून तपासावे लागते. मोठ्या उसळीनंतर, धावपट्टी समोर दिसत असली तरी (तिथेच उतरण्याचा मोह होतो), इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन वर जावे आणि नव्याने उतरावे.