मेट्रोच्या आधी रस्ता

ताई, तुमच्या दिव्यांग मुलाला नागपुरात मेट्रोने एकट्याने जायला शिकवायचंय ना? मग मेट्रोची घाई नको. शंकर नगरहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्टेशनला, पोचणं सोपं. घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता खरा अवघड. सिग्नल काहीही असो, आपल्याकडे डावीकडे वळणारे थांबत नाहीत. म्हणून दिव्याबरोबर गाड्यांची चाकं थांबलीत का, हेही मुलाला बघायला शिकवा. खुणा पक्क्या धरा. पानठेला आज आहे, उद्या नाही. देऊळ कुठे जात नाही.

बर्डीला ॲक्वा आणि ऑरेंज मार्गिका मिळतात, गोंधळ तिथेच होतो. रस्ता अंगवळणी पडला की एकदा मुद्दाम, दोघांनी मिळून, उलट्या गाडीत बसा. पुढच्या स्टेशनवर उतरायचं, गणवेशातल्या माणसाला पत्त्याचं कार्ड दाखवायचं, घरी फोन करायचा. हे जमलं की निम्मी भीती गेली. त्याची नाही, तुमची!

मग हळूहळू मागे सरा: आधी दोन पावलं, नंतर शेजारच्या डब्यात. तो अडला तर लगेच तोंड उघडू नका, त्याला विचार करू द्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्याच्याच खिशात असू द्या, तुमच्या पर्समध्ये नको. आणि मे महिन्यात सराव सकाळीच. दुपारी आपलंही डोकं चालत नाही.