गुरुवारची सही

प्रश्न: माझे पती पर्यटकांसाठी टॅक्सी चालवतात. दोन वर्षांपासून त्यांना मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोचा नाद लागला आहे. गोमंतकीयांना बंदी असूनही ते परराज्यातील ओळखीच्या माणसांबरोबर आत जातात. माझे दागिने दोनदा गहाण पडले आणि माहेरहून पैसे आणून मी ते सोडवले. सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नाही. सरकार ही जहाजे बंद का करत नाही आणि पतींना मी कसे समजावू? येत्या गुरुवारी कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, कागदांवर सही करायला जायचे आहे. त्यानंतर सगळे देणे फेडून ते खेळणे सोडणार आहेत.
– एक भगिनी, फोंडा तालुका

उत्तर: ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण मी उत्तर देणार आहे ते तुमच्या शेवटच्या वाक्याला.

सही करू नका.

कागद विक्रीचा आहे की गहाणाचा, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा विचारलेलेही नाही. तुमची सही कोणी मान म्हणून मागत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार झालेला नसेल, तर त्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, त्यात वारसाने आलेले कुळागरही येते, आणि पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर मालमत्ता विकता किंवा गहाण टाकता येत नाही. त्यांच्या वाटेत आज एवढाच एक अडसर उरला आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने काढायला निघाला आहात.

दागिने सोडवून आणि सासूबाईंपासून सारे लपवून तुम्ही घर सांभाळले असे तुम्हाला वाटत असेल. मला मात्र त्यात पुढच्या डावाची सोय दिसते, आणि हे तुम्हाला कोणीतरी स्पष्ट सांगायलाच हवे होते. देणे फिटल्यावर खेळणे सुटेल, या आशेवरही विसंबू नका. रूलेट या फिरत्या चक्रावरच्या जुगारात, एकच शून्य असलेल्या चक्रावर ३७ घरे असतात. एका आकड्यावर जिंकल्यास हिशेबाने ३६ पट नफा मिळायला हवा, पण मिळतो ३५ पट. हा फरक मालकाचा असतो, त्यामुळे माणूस जितका अधिक खेळतो तितका तो त्याच्याकडे जमत जातो. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठीच खेळत राहणे हे जुगाराच्या विकाराचे ओळखीचे लक्षण आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात या विकाराची नोंद आहे. तेव्हा समजावण्याचे काम बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयातील डॉक्टरांवर सोपवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आधी तुम्ही स्वतःही बोलू शकता.

सरकारवरचा तुमचा राग रास्त आहे. १९९६ मध्ये कायदा बदलून त्याने जहाजांवरच्या जुगाराला वाट करून दिली आणि फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळायला मनाई केली. म्हणजे आपल्या माणसांना घातक ठरलेली गोष्ट पाहुण्यांसाठी चालू ठेवली. पण ती लढाई गुरुवारपर्यंत संपणारी नाही.

त्याआधी तुमच्या ओळखीच्या वकिलाकडे जा, पतींनी ठरवलेल्या नव्हे. विवाह नोंदणीचा दाखला आणि त्या कागदांची प्रत सोबत न्या. प्रत द्यायला पती तयार नसतील, तर वकिलांना सगळ्यात आधी तेच सांगा. आणि निघण्यापूर्वी सासूबाईंना सगळे सांगून टाका. ज्या कुळागरावर टाच येते आहे, ते त्यांच्याही घरचे आहे.