सगळंच ‘तुटलं’? फाडणे, मोडणे, फोडणे, तोडणे

प्रश्न असा आला आहे: साडेतीन वर्षांचं मूल कागद, पेन्सिल, फुगा, काच या सगळ्यांना ‘तुटलं’ असंच म्हणतं. त्याला वेगवेगळी क्रियापदं कशी शिकवावीत? आणि ‘तुटला’ आधी शिकवावं की ‘तोडला’?

मूल चुकतंय ते अगदी समजण्यासारखं आहे. वस्तू अखंड होती, आता नाही, एवढंच त्याने टिपलंय. पण मराठी तेवढ्यावर थांबत नाही. वस्तू कशी होती आणि तिचं नेमकं काय बिघडलं, हेही ती क्रियापदातच सांगते.

फाटतं ते पातळ आणि पसरट: कागद, कापड, पिशवी. फुटतं ते कडक कवचाचं किंवा आत काहीतरी कोंडलेलं: काच, मडकं, फुगा, साबणाचा बुडबुडा. कोंब फुटतो, रडू फुटतं, गुपित फुटतं, तेही याच कल्पनेतून; आतलं बाहेर येतं. या दोन शब्दांत मुलांना फारशी अडचण येत नाही. गोंधळ होतो तो तुटणे आणि मोडणे यांत, आणि मोठ्यांचाही होतो.

तुटतो तो जोड, मोडते ती घडण. दोरा, माळ, साखळी, शर्टाचं बटण ही तुटतात, कारण जे एकमेकांना धरून होतं ते सुटं झालं. काडी, खुर्ची, खेळणं ही मोडतात, कारण त्यांचा आकार किंवा उपयोग गेला. तुकडा वेगळा पडलाच पाहिजे असं नाही. म्हणून घडी मोडते, सवय मोडते, नियम मोडतो. वाऱ्याने झाडाची फांदी मोडली म्हणजे ती वाकून लोंबकळत असू शकते. तुटली म्हणजे खाली पडली. हात मोडला तर प्लास्टर घालावं लागतं, हात तुटला म्हणजे तो अंगापासून वेगळा झाला. बाहुलीचा हात तुटू शकतो, मुलाचा मोडतो. एवढ्या एका जोडीसाठी तरी हा फरक शिकवावा.

कप हे यासाठी नामी उदाहरण. कपाला तडा जातो, कपाचा कान तुटतो, कप फुटतो. एकाच वस्तूवर तीन शब्द, आणि कुठलाही दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

‘काच तुटली’, ‘खेळणं तुटलं’ ही वाक्यं आता बरीच ऐकू येतात. हिंदीतलं ‘टूटना’ काच, खेळणं, हाड, दोरा या सगळ्यांना चालतं. मूल हिंदी कार्टून बघत असेल तर ‘तुटलं’ तिथूनही आलेलं असू शकतं. मराठीत काच फुटते आणि खेळणं मोडतं.

कापणे-तोडणे या अर्थाच्या क्रियापदांचा २८ भाषांमधला एक तौलनिक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या भाषकांना ६१ छोट्या चित्रफिती दाखवून ‘काय केलं?’ असं विचारलं होतं. शब्द किती आणि त्यांच्या सीमा कुठे, हे भाषागणिक बदलतं असं त्यात दिसलं. म्हणजे या सीमा वस्तूकडे बघून आपोआप कळत नाहीत. त्या ऐकूनच शिकाव्या लागतात.

आता शिकवण्याबद्दल. चित्रांची कार्डं इथे कुचकामी ठरतात. चित्रात फाडणं दिसत नाही, फाटलेला कागद दिसतो, आणि मूल ‘फाटका’ हे विशेषण शिकतं. हातात वस्तू हवी. जुना कागद, वाळकी काडी, शिवणाचा सुती दोरा आणि साबणाचे बुडबुडे एवढं पुरतं. नायलॉनचा दोरा नको. तो तुटत नाही आणि ओढताना बोट कापतो. रबरी फुगाही नको. त्याच्या आवाजाला काही मुलं इतकी दचकतात की शब्द बाजूलाच राहतो, आणि फुटलेले तुकडे तोंडात गेले तर घशात अडकतात. कागद फाडताना दोन्ही हातांच्या चिमटी कडेला अगदी जवळजवळ धरायला लावा. लांब धरले तर कागद नुसता ताणला जातो आणि मूल वैतागतं.

चारही शब्द एकाच दिवशी काढू नका. तोड, मोड, फोड ही यमकंच आहेत, आणि फाड-फोड यांत फरक फक्त एका स्वराचा. पहिले दोन-तीन दिवस फाड आणि मोड ही जोडी घ्या. आवाजही वेगळा, हाताची हालचालही वेगळी. ती पक्की झाली की फोड. तोड सगळ्यात शेवटी, कारण मूल आत्ता त्याच शब्दाचा अतिवापर करतंय.

शब्द कृतीच्या आधी उच्चारावा. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो आणि अॅन क्रूगर यांनी १९९२ मध्ये दाखवलं की लहान मुलं क्रियापद चांगलं उचलतात ते कृती घडण्याच्या बेतात असताना ऐकलेलं, चालू असतानाचं तितकं नाही. म्हणजे काडी हातात द्या, ‘मोड!’ म्हणा, क्षणभर थांबा, मग मोडू द्या. मोडल्यावर ‘मोडली!’ म्हणा. आपण बहुतेक वेळा फक्त शेवटचं तेवढं म्हणतो.

एक ओली काडीही जवळ ठेवा. ती वाकते, आतून मोडते, पण साल धरून ठेवते. ‘मोडली, पण तुटली नाही’ हे वाक्य शिकवायला याहून सोपं साधन नाही. मग पीळ देऊन ती वेगळी करा: ‘आता तुटली.’

तुटला की तोडला? आज्ञार्थापासून सुरुवात केली की तोड, फोड, फाड हे आधी येतात, आणि ते बरं. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे यांत ‘उ’चा ‘ओ’ आणि ‘ट’चा ‘ड’ होतो. फाटणे-फाडणे यात फक्त ‘ट’ बदलतो. बसणे-बसवणे, उठणे-उठवणे यांच्या चालीवर मूल ‘फुटवला’ म्हणालं तर ती चूक हुशारीची आहे. ‘हो, तू फोडलास’ एवढं म्हणून पुढे जावं. रूप तीनदा घोकून घेऊ नये.

भूतकाळात मात्र जरा सांभाळून. मी कागद फाडला, मी पिशवी फाडली, मी पान फाडलं; इथे क्रियापद कर्माच्या लिंगाने चालतं, करणाऱ्याच्या नाही. वर्तमानात मुलगा ‘फाडतो’ आणि मुलगी ‘फाडते’ म्हणते. दोन्ही एकदम आणले तर सगळंच विस्कटतं. आधी आज्ञार्थ, मग भूतकाळ आणि तोही एकाच लिंगाच्या वस्तूंचा: कागद, दोरा, बुडबुडा.

मोडणे या सगळ्यांत वेगळं पडतं. त्याला जोडीदार नाही. वस्तू आपोआप मोडली तरी ‘मोडली’ आणि कुणी मुद्दाम मोडली तरी ‘मोडली’. ‘पेन्सिल मोडली’ या वाक्यात गुन्हेगार लपून राहतो, आणि मुलांना ही सोय फार लवकर कळते. उसवणेही तसंच: शिवण उसवली, मी शिवण उसवली. कापड शाबूत असून फक्त टाका सुटला असेल तर तो ‘फाटला’ नव्हे, उसवला; पण हा शब्द वर्षभराने शिकवला तरी चालेल.

पेन्सिलीच्या टोकाला मोडलं म्हणावं की तुटलं? दोन्ही ऐकू येतं आणि दोन्ही बरोबर आहे. तिथे मुलाला टोकू नका.