जादूचं पुस्तक आणि माळकरी आजोबा

प्रश्न : बाई, माझा मुलगा सहावीत आहे. त्यानं शाळेतून हॅरी पॉटरचं मराठी पुस्तक आणलं आणि त्यातच गढून गेला. माझे सासरे, म्हणजे मामाजी, माळकरी आहेत, रोज हरिपाठ म्हणतात. पुस्तकात मंत्र अन् जादूटोणा आहे हे कळताच त्यांनी ते कोठ्यात, कुटाराच्या पोत्याखाली नेऊन ठेवलं. म्हणतात, "असलं वाचून पोट्टं बिघडते. हे कायले पाह्यजे घरात?" मुलगा रुसलाय, मामाजी कुणाशी बोलत नाहीत. मी काय करू?
— एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : मामाजींना अडाणी ठरवू नका. हा आक्षेप फक्त तुमच्या घरातला नाही. 30 डिसेंबर 2001 रोजी अमेरिकेतल्या अलामोगोर्डो गावी एका चर्चनं हीच पुस्तकं जाहीरपणे जाळली. तिथल्या कडव्या मंडळींना वाटतं, की जादू खरीच असते आणि ती सैतानाची असते. मामाजींची तऱ्हा वेगळी. "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती" असं विचारणाऱ्या तुकोबांची माळ त्यांच्या गळ्यात आहे. मंत्रतंत्राची चीड त्यांना तिथूनच आली असणार, आणि ती चीड मला मोलाची वाटते.

कारण आपल्याकडे जादूटोणा हा गोष्टीतला शब्द राहत नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायांना भर गावात बांधून मारलं. मारणाऱ्यांनी कुठलं पुस्तक वाचून हात उचलला नव्हता. घरात कोणी आजारी पडलं, की करणी कोणी केली ते शोधायचं, ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

म्हणून मी मोजमाप वेगळं लावते. आपल्या राज्याचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पाहा. भजन, कीर्तन, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा यांना तो हात लावत नाही. कुणाच्या अंगाला इजा झाली का, कुणाला पैशाला बुडवलं का, हे तो बघतो. तेच या पुस्तकाला विचारा. भोंदू मांत्रिक कोंबडं मागतो, पैसे मागतो, शेजारणीकडे बोट दाखवतो. पुस्तक यातलं काहीच मागत नाही. तुमच्या मुलानं काडी फिरवून त्यातला मंत्र म्हणून पाहिलाही असेल. काही झालं नाही, आणि तो पुढचं पान वाचायला लागला. गोष्ट आणि खरं यातला फरक पोरांना असाच कळतो. हा फरक कळलेलं पोर उद्या मांत्रिकापुढे हात जोडून बसणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

एका बाबतीत मात्र मी मामाजींच्या बाजूची आहे. परदेशी असो की आपली, कितीतरी गोष्टींत चेटकीण म्हणजे एकटी राहणारी, वाकलेली म्हातारी असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मी पोरांच्या तोंडून गावातल्या एका विधवा आजीला हेच नाव ऐकलंय. ती आजी पाणी भरायला निघाली, की पोरं हातातला खेळ टाकून पळायची. मुलाशी यावर बोला. वणी खुर्दला काय झालं तेही सांगा. सहावीतलं पोर समजून घेतं.

आता पुस्तकाचं. मामाजींच्या नकळत ते काढू नका, नाहीतर मुलाला चोरून वाचायची सवय लागेल. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मुलालाच त्यांच्याशेजारी बसवा आणि पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचू द्या. त्यात थोडी जादू आहे, पण मुख्य गोष्ट एवढीच, की आईबाप गेलेलं एक तान्हं लेकरू रात्रीतून मावशीच्या दाराशी आणून ठेवतात. ऐकून मामाजींना काय खटकलं ते त्यांना बोलू द्या, मुलाला उत्तर देऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका. तरीही ते नाहीच म्हणाले, तर पुस्तक शाळेचं आहे आणि ते धडधाकट परत करायचं आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. कुटारात उंदीर असतात.