विद्यापीठातली नोकरी धरावी का? आधी नेमणूकपत्र वाचा

तुम्ही लिहिता, पुण्यात खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये सात वर्षं झाली, हातात ४६,००० येतात. आता विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून निवड झाली आहे आणि तिथे सुरुवातीला साडेचौतीस हजार पडतील. आईवडील म्हणतात, सरकारी नोकरी सोडू नकोस. तुम्हाला मात्र दरमहा साडेअकरा हजारांचा खड्डा दिसतो.

सगळ्यात आधी नेमणूकपत्र पुन्हा वाचा. विद्यापीठात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणाऱ्यांचं भविष्य अगदी वेगळं असू शकतं. एक जण शासनमान्य मंजूर पदावर असतो, दुसरा विद्यापीठ फंडातून किंवा अकरा महिन्यांच्या करारावर, एकत्रित वेतनावर. तुमचं पद करारावरचं असेल तर माझं उत्तर स्पष्ट 'नको' आहे. पुढचं सगळं मंजूर पद धरूनच लिहितो.

तुमच्या श्रेणीत मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं. महागाई भत्ता धरून ते ३०,००० च्या आसपास जातं. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे घरच्यांनाही सांगा; त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा तीच आहे. तुम्हाला एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना, दोन्हीकडून दरमहा पैसे जमा होणारी) असेल: तुमचे १० टक्के, म्हणजे ३,०००, आणि विद्यापीठाकडून १४ टक्के, ४,२००. दरमहा ७,२०० बाजूला पडतात. सध्या तुमचा पीएफ दोन्हीकडून प्रत्येकी १,८०० मिळून ३,६०० आहे. म्हणजे साडेअकरा हजारांतले या फरकाचे ३,६०० तुमच्याच म्हातारपणाकडे वळतात आणि खरी तूट आठ हजारांच्या जवळ येते. वर दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ.

आता नकोशी बाजू. राज्य कर्मचाऱ्यांना मिळालेलं विद्यापीठापर्यंत उशिरा पोचतं. सातव्या वेतन आयोगाची ५८ महिन्यांची थकबाकी आणि आश्वासित प्रगती योजना (बढती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) यांसाठी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षांच्या कामावर बहिष्कार घालावा लागला होता. बढती संथ असते. तुमच्यासारखा ताळेबंद बांधणारा माणूस आवक-जावकच्या टेबलावर पाच वर्षं अडकला तर हातातलं कसब गंजतं, आणि मग खासगीत परतणं कठीण होतं. मला खरी काळजी याची वाटते, पगाराची त्यापेक्षा कमी वाटते. म्हणून वित्त व लेखा विभाग मिळेल का, हे रुजू होण्याआधीच विचारा.

तुमच्या आकड्यांवर बोलायचं तर: घराचा हप्ता १७,०००, घरखर्च २४,०००, आणि पत्नीच्या शिकवण्यांतून येणारे १२,०००. नव्या पगारात महिन्याला साडेपाच हजार उरतात. ओढाताण होईल, पण घर चालेल. एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) आठवरून चार हजारांवर आणा, बंद करू नका. वय ३१ आहे आणि पत्नीचं उत्पन्न अनियमित आहे. घरात एक पगार पक्का असणं मला मोलाचं वाटतं. मंजूर पद असेल तर मी हो म्हणेन.

फक्त राजीनामा लगेच देऊ नका. कागदपत्रं आणि वेतननिश्चितीत पहिला पगार दोन-तीन महिने लांबू शकतो, तेव्हा किमान चार महिन्यांचा खर्च आणि हप्ता, म्हणजे १,६४,००० बचत खात्यात असू द्या. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. विद्यापीठात वैद्यकीय बिल आधी स्वतः भरून नंतर प्रतिपूर्ती मागावी लागते, म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच घ्या. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ती मुदत जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं.